काळ्या भिंगऱ्यांची कविता : एका स्पॅनिश प्रेमगीताची घडण



प्रेमकविता हा विषय जाहीर झाला म्हणजे सभागृह भरते, आणि वक्त्याने छंदाची अक्षरे मोजावयास आरंभ केला म्हणजे ते रिकामे होऊ लागते, असा व्याख्यानमालांचा सार्वत्रिक अनुभव आहे. तरीही आज मी अक्षरे मोजणार आहे. ज्या कवितेविषयी बोलावयाचे आहे ती अक्षरे न मोजता वाचली तर उलटी कळते, असे माझे मत आहे. लोक तिला विरहगीत म्हणतात. मला ती एक भांडण वाटते. आणि हे भांडण कवीने शब्दांत थोडे आणि वृत्तात, यमकात, पुनरुक्तीत पुष्कळ मांडले आहे.

कविता गुस्ताबो आदोल्फो बेकेर या स्पॅनिश कवीची. त्याच्या छोट्या कवितांना ‘रिमास’ असे नाव आहे, आणि संग्रहात हिचा क्रमांक ५३. तिला वेगळे शीर्षक नाही. पण काळ्या भिंगऱ्यांची कविता एवढे म्हटले की स्पॅनिश बोलणाऱ्या कोणाही थोड्याफार शिकलेल्या माणसाला ती ओळखू येते. मूळ कविता म्हणून दाखविण्याचा मोह मी आवरणार आहे. अनोळखी भाषेतले गोड उच्चार ऐकले की टाळ्या पडतात, आणि त्या टाळ्यांच्या आवाजात कविता तशीच निघून जाते.

कवीचे चरित्र दोन शब्दांत सांगतो. बेकेर १८३६ साली सेव्हिल शहरात जन्मला. आईबाप लहानपणीच गेले. १८५४ साली, अठराव्या वर्षी, नशीब काढावयास तो माद्रिदला आला. वर्तमानपत्रांतून लिहिले, काही काळ कादंबऱ्या तपासणाऱ्या सरकारी परीक्षकाची नोकरी केली, आणि १८७० च्या डिसेंबरात चौतिसाव्या वर्षी वारला. त्याचा चित्रकार भाऊ बालेरियानो त्याच्या आधी तीनच महिने गेला होता. बेकेरच्या हयातीत त्याचा कवितासंग्रह निघाला नाही. एक हस्तलिखित त्याने गोन्सालेस ब्राबो या मंत्र्याच्या हवाली केले होते. १८६८ च्या क्रांतीत ते नाहीसे झाले. मग कवीने आपल्याच कविता आठवून आठवून एका जाडजूड वहीत पुन्हा उतरविल्या. त्या वहीला त्याने नाव दिले होते ‘चिमण्यांचे पुस्तक’. चिमणी बारा महिने घरात राहणारी, भिंगरी ऋतू पाहून येणारी. भिंगऱ्यांची कविता चिमण्यांच्या वहीत सापडावी हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे. ही वही आज माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. कवीच्या मृत्यूनंतर मित्रांनी १८७१ साली त्याचे लेखन दोन भागांत छापले, त्यात ७६ ‘रिमास’ घेतल्या, आणि त्यांचा क्रमही मित्रांनीच लावला. तेव्हा ५३ हा आकडा कवीचा नव्हे, स्नेह्यांचा आहे.

कवितेतील ‘तू’ कोण, यावर स्पेनमध्ये बराच खल झालेला आहे. हूलिया एस्पिन नावाच्या गायिकेचे नाव घेतले जाते. घेऊ द्या. आपल्याला आज त्या बाईंशी कर्तव्य नाही.

आता कवितेत काय आहे ते साध्या गद्यात सांगतो. सहा कडवी आहेत, प्रत्येकी चार ओळींची. म्हणजे एकूण चोवीस ओळी. पहिल्या कडव्यात कवी म्हणतो की काळ्या भिंगऱ्या तुझ्या सज्जात घरटी बांधावयास पुन्हा येतील. दुसऱ्यात म्हणतो, परंतु आपल्याला पाहून ज्या उडता उडता रेंगाळल्या, ज्यांना आपली नावे ठाऊक झाली, त्या काही येणार नाहीत. तिसऱ्यात बागेच्या भिंतीवर चढणारी सुवासिक वेल येते, इंग्रजीत जिला हनीसकल म्हणतात ती. तीही पुन्हा फुलेल. चौथ्यात, दव थरथरताना आपण जी फुले पाहिली, ती मात्र नाहीत. पाचव्यात, प्रेमाचे उत्कट शब्द तुझ्या कानांवर पुन्हा पडतील, कदाचित तुझे हृदय जागेही होईल. आणि सहाव्यात, परंतु देवापुढे गुडघे टेकावे तसे मी तुझ्यावर प्रेम केले, तसे कोणी करणार नाही, भ्रमात राहू नकोस.

हा गद्य अर्थ आहे, आणि खरे सांगावयाचे तर तो फार मोठा नाही. गेलेले दिवस परत येत नाहीत हे सांगावयाला कवी कशाला हवा? आपल्या आजीबाईही ते सांगत. या सामान्य अर्थात जीव कोठून आला, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम अक्षरांचा हिशेब. आपली अक्षरगणवृत्ते लघुगुरूवर चालतात, मात्रावृत्ते मात्रांवर, आणि ओवी-अभंग अक्षरसंख्येवर. स्पॅनिश कविता या तिसऱ्या घराची. ती अक्षरे मोजते. मात्र तिच्या मोजणीत एक चौथी गोष्ट घुसते, ती म्हणजे आघात. मराठीत कोणत्या अक्षरावर जोर दिला यावरून शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही. स्पॅनिशमध्ये बदलतो. ‘तेर्मिनो’ हा एकच शब्द घ्या. पहिल्या अक्षरावर जोर दिला तर ‘शेवट’, दुसऱ्यावर दिला तर ‘मी संपवितो’, तिसऱ्यावर दिला तर ‘त्याने संपविले’. ज्या भाषेत जोर इतका महत्त्वाचा, त्या भाषेच्या छंदाने तो विचारात घेतलाच पाहिजे.

नियम असा : ओळीतला शेवटचा आघात जेथे पडतो तेथपर्यंतची अक्षरे मोजावयाची आणि पुढे एक मिळवावयाचे. बहुतेक स्पॅनिश शब्दांत आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो, तेव्हा हे पुढचे एक अक्षर प्रत्यक्ष असतेच आणि हिशेब सरळ जमतो. परंतु ओळ आघाताच्याच अक्षरावर संपली, तर अकरा अक्षरांच्या ओळीत उच्चारावयाला दहाच अक्षरे असतात. अकरावे मुक्यानेच धरावयाचे. आणि आघातानंतर दोन अक्षरे आली, तर उच्चार बारा होतात, तरी हिशेबात अकराच. शिवाय एक शब्द स्वराने संपला आणि पुढचा स्वराने सुरू झाला तर दोन्ही मिळून एक अक्षर धरतात. आपल्या संधीसारखाच हा प्रकार. फक्त लिहिताना शब्द वेगळे राहतात.

हे सगळे पंतोजीपण कशासाठी, असे कोणी मनात म्हणत असेल, तर त्यांनी अंमळ धीर धरावा. या तिन्ही प्रकारच्या ओळी या कवितेत आहेत, आणि त्यांपैकी तिसऱ्या प्रकारची ओळ साऱ्या कवितेत एकच आहे. तिच्यापाशी आपल्याला शेवटी यावयाचे आहे.

प्रत्येक कडव्यात पहिल्या तीन ओळी अकरा अक्षरांच्या आणि चौथी सातांची. ज्यांच्या कानात ज्ञानेश्वरी आहे त्यांना ही ठेवण एकदम परिचयाची वाटेल. आपल्या ओवीलाही तीन मोठे चरण आणि चौथा आखूड. अभंगातही सहा-सहा-सहा आणि मग चार. तिसऱ्या चरणापर्यंत बोलणे चढत जाते आणि चौथ्याशी पाय एकदम जमिनीला लागतो. स्पेनमध्ये ही ठेवण युरोपच्या जुन्या परंपरेतून आली. ग्रीक कवयित्री सॅफो हिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या श्लोकात तीन ओळी अकराच्या आणि चौथी पाचाची असते. अकरा अक्षरांची ओळ स्पॅनिशमध्ये रुजली ती इटालियन कवितेवरून, सोळाव्या शतकात, बोस्कान आणि गार्सिलासो या दोघा मित्रांच्या प्रयत्नाने. दोघांच्या कविता एकत्र छापल्या गेल्या त्या १५४३ साली, तेव्हा दोघेही हयात नव्हते. म्हणजे बेकेरने वापरलेली ओळ दरबारी, विद्वान, परदेशातून आणलेली होती. यमक मात्र त्याने अगदी दुसऱ्या दारातून आणले.

आपल्याकडे यमक म्हटले म्हणजे निदान शेवटचे अक्षर व्यंजनासकट जुळले पाहिजे. ‘पाणी’ला ‘राणी’ चालते, ‘माळी’ जोडली तर आपण नाक मुरडतो. स्पॅनिश लोककाव्यात, त्यांच्या जुन्या पोवाड्यांत, निराळे यमक चालते. तेथे शेवटच्या आघातापासूनचे स्वर तेवढे जुळले की पुरे. व्यंजने कोणतीही असोत. याला आपण स्वरयमक म्हणू. हे यमक सम ओळींना असते आणि विषम ओळी मोकळ्या राहतात. बेकेरने दरबारी अकरा अक्षरांना हे खेडवळ स्वरयमक जोडून दिले. कानाला ते यमक आहे असे वाटतही नाही. घरातल्या घरात कोणी गुणगुणते आहे असे वाटते. त्याने १८६१ साली ऑगुस्तो फेरान या मित्राच्या पुस्तकावर लिहिताना कवितेचे दोन प्रकार सांगितले होते : एक भरजरी, घणघणाती, दुसरी आखूड, साधी, मनाला एकदाच स्पर्शून जाणारी. आपली निवड दुसरी, हे त्याने तेथे लपविलेले नाही. पण साधी दिसणारी वस्तू साधेपणाने घडते असे कोणी समजू नये.

कारण आता या यमकाकडे नीट पाहा. चोवीस ओळींत बारा सम ओळी. त्या बाराही ओळी ‘आ’ या एकाच आघातयुक्त स्वरावर संपतात. प्रत्येक कडव्याची दुसरी ओळ ‘-आर’ने संपते आणि पहिल्या पाच कडव्यांत तेथे क्रियापदाचे मूळ रूप आहे : टांगणे, निरखणे, चढणे, थरथरणे, निनादणे. प्रत्येक कडव्याच्या चौथ्या ओळीशी भविष्यकाळी क्रियापद आहे, आणि पहिल्या चार कडव्यांत ते ‘-रान’ने संपते, म्हणजे अनेकवचनी. सगळ्या सम ओळी आघातावर संपत असल्यामुळे प्रत्येकीच्या शेवटी ते मुके अक्षर येते. गाणाऱ्यांच्या भाषेत सांगावयाचे तर समेवर थाप पडते आणि पुढची मात्रा रिकामी जाते. बारा वेळा थाप, बारा वेळा रिकामी मात्रा. गेलेल्या वस्तूंविषयीच्या कवितेत ही रिकामी जागा कानाला नकळत जाणवत राहते.

आघातांचा आणखी एक बारकावा आहे. सहाही कडव्यांच्या पहिल्या ओळी घेतल्या तर प्रत्येकीत मुख्य जोर तिसऱ्या, सहाव्या आणि दहाव्या अक्षरावर पडतो. सहाच्या सहा! इतर ओळींत जोर इकडेतिकडे हलतो, पण कडव्याचे दार उघडले की चाल तीच. अगदी शेवटच्या कडव्यातही चाल बदलत नाही, आणि म्हणूनच त्या कडव्यात पुढे जे घडते त्याचा धक्का बसतो.

आता पुनरुक्ती. पहिले, तिसरे आणि पाचवे कडवे एकाच शब्दाने सुरू होते : ‘बोलबेरान’, म्हणजे ‘परततील’. दुसरे, चौथे आणि सहावे ‘परंतु’ने सुरू होते. दुसऱ्याच्या आणि चौथ्याच्या शेवटी तेच ‘परततील’ नकार जोडून येते. म्हणजे हा शब्द पाच वेळा येतो : होकार, नकार, होकार, नकार, होकार. श्रोतेहो, सहाव्या वेळी काय यावयाचे हे सांगावयाला स्पॅनिश येण्याची गरज नाही. लहान मूलही सांगेल. कान पुढे करून आपण सहाव्या कडव्याच्या शेवटी त्या नकाराची वाट पाहतो, आणि तो येत नाही. ती जागा दुसऱ्या क्रियापदाने घेतलेली असते : ‘प्रेम करणे’. ते शब्द परत येणार नाहीत, असे कवीने म्हटलेलेच नाही. उलट, ते येतील, हे तो कबूल करून बसला आहे. भिंगऱ्या गेल्या, फुले गेली, पण प्रेम करणारे दुसरे येतील. आता त्याला एवढेच म्हणता येते की ते माझ्यासारखे नसतील. येथे विरहगीत संपते आणि भांडण सुरू होते.

ही फाट पाचव्या कडव्यापासूनच उसवू लागलेली आहे. पहिल्या चार कडव्यांच्या चौथ्या ओळीतले क्रियापद अनेकवचनी होते. पाचव्यात ‘तुझे हृदय जागे होईल’ असे म्हणताना ते एकवचनी होते आणि शेवटचा ‘न’ गळून पडतो. त्याच ओळीत कवितेतला एकुलता एक ‘कदाचित’ आहे. भिंगऱ्यांबद्दल ज्याला तिळमात्र शंका नाही, तो या हृदयाबद्दल मात्र चाचरतो. सहाव्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीत, जेथे पाच वेळा क्रियापद आले होते तेथे, नाम आले आहे : ‘आल्तार’, म्हणजे देवाची वेदी. क्रिया थांबली, मूर्ती आली.

सर्वनामे तर सरळसरळ चुगली करतात. दुसऱ्या कडव्यात ‘आपली नावे’ आहेत. चौथ्यात ‘आपण पाहिले’ आहे. सहाव्यात ‘आपण’ नाही. ‘मी’ आहे आणि ‘तू’ आहेस. ज्या प्रेमाची थोरवी गावयाची, त्याच प्रेमाच्या वर्णनात दोघे एकत्र राहिलेले नाहीत. एक गुडघे टेकून आहे आणि दुसरी वेदीवर. देवीवर केलेल्या प्रेमात देवीचे मत कोण विचारतो? कवीने हे जाणूनबुजून केले की त्याच्या हातून घडले, हा वाद मी घालणार नाही. बेकेरने स्वतःच एके ठिकाणी सांगून ठेवले आहे की भावना उसळत असताना मी लिहीत नाही. ठसे साठवितो आणि मन शांत झाले की ते आठवून लिहितो. तेव्हा या कवितेत अनावर काही निसटले आहे असे मानण्यापेक्षा, दुःखातला अहंकार त्याला दिसत होता आणि त्याने तो तसाच दाखविला, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

कोणी पक्षिमित्र येथे म्हणतील की कवीचे मूळ प्रमेयच खोटे आहे. भिंगऱ्यांच्या पायांत कडी अडकवून शास्त्रज्ञांनी पाहिले आहे : जगलेली जोडपी पुष्कळदा त्याच जागी परततात. हे खरे आहे. आपल्याकडे या दुभंगलेल्या शेपटीच्या भिंगऱ्या थंडीत तारांवर रांगा धरून बसतात आणि ऊन तापू लागले की उत्तरेकडे निघून जातात. स्पेनमध्ये त्या उलट वसंताच्या तोंडाशी आफ्रिकेतून येतात, म्हणून तेथे भिंगरी ही येण्याची खूण आहे. पक्ष्यांपुरता कवी हरला असे म्हणा हवे तर. पण ‘आपली नावे शिकलेल्या’ भिंगऱ्या कडी अडकवून ओळखता यावयाच्या नाहीत. त्या परत आल्या तरी सज्जात दोघे उभे नसतील.

हा भेद कवीने किती छोट्या शब्दावर उभा केला आहे पाहा. स्पॅनिशमध्ये दर्शक सर्वनामाच्या तीन पायऱ्या आहेत : हा, तो, आणि त्याहून पलीकडचा तो. पहिल्या कडव्यात नुसत्या ‘भिंगऱ्या’ आहेत, जातीने भिंगऱ्या. दुसऱ्यात ‘त्या पलीकडच्या’ असा अगदी लांबचा शब्द दोनदा येतो, आणि चौथ्या ओळीत एकदम जवळची पायरी येते : ‘त्या’. दूर बोट दाखवीत असताना मध्येच हात खाली यावा तसे हे होते. मराठीत आपल्याजवळ ‘हा’ आणि ‘तो’ एवढ्या दोनच पायऱ्या. भाषांतरकाराने ‘त्या तिकडच्या’ म्हटले तर पत्ता सांगितल्यासारखे होते, ‘त्याच’ म्हटले तर जोर चुकतो. क्रियापदाचीही तीच अडचण. मराठी वाक्यात क्रियापद स्वभावतः शेवटी जाते. बेकेरने ‘परततील’ हे अगदी आरंभी ठेवले आणि ‘टांगावयास’ हे ओळीच्या टोकाला ढकलले. मध्ये सज्जा, घरटी सगळे अडकवून. हे स्पॅनिशमध्येसुद्धा ओढून ताणून केलेले आहे, आणि त्या ताणानेच यमकाला क्रियापद मिळाले. मराठीत आरंभी ‘परततील’ ठेवता येते, नाही असे नाही. पण मग यमकासाठी क्रियापदांची दुसरी रांग आणावी कोठून? भाषांतरात अर्थ टिकतो. परतण्याची ती पाच वेळची थाप टिकविणे कठीण.

आता ती एकुलती ओळ. शेवटून दुसरी. साऱ्या कवितेत विषम ओळी सरळ, उपान्त्य आघाताच्या शब्दांनी संपतात. त्या अकरांच्या ओघात हीच एक ओळ ‘देसेन्गान्याते’ या लांबट शब्दाने संपते, ज्यात ‘गा’वर आघात आणि पुढे दोन अक्षरे घरंगळत जातात. बारा उच्चार, हिशेबात अकरा. अर्थ काय या शब्दाचा? ‘भ्रमात राहू नकोस’. आज्ञार्थ. चोवीस ओळींत तिला उद्देशून दिलेली ही एकच आज्ञा, आणि तीच वृत्तातली एकमेव लंगडी पावले टाकते. रागाने बोलणाऱ्या माणसाचा आवाज वाक्याच्या शेवटी असाच घसरतो.

त्यानंतरच्या अखेरच्या ओळीचे दोन पाठ छापलेले आढळतात. एकात ‘कोणीही’ असा एकवचनी कर्ता आहे आणि ओळ उघड्या ‘-रा’वर संपते. दुसऱ्यात कर्ता सांगितलेलाच नाही, क्रियापद अनेकवचनी आहे, ‘केर्रान’, आणि त्याच्या आधी नकार आहे. पहिला पाठ ठाम आहे, त्यात निर्वाळा आहे. माझा कौल दुसऱ्याला. ‘केर्रान’ आणि ‘बोलबेरान’ यांची शेवटची अक्षरे एकच. नकार आला, मग ‘-रान’ आले, आणि ज्या शब्दाची कान वाट पाहत होता तो न उच्चारताच क्षणभर ऐकू आला.